पांढरी

पुस्तक विमानानं आलं. जाड, चकचकीत.
कस्टमवाल्यानं वरचा राक्षस पाहून विचारलं, हे काय?
म्हटलं, खेळ.
खेळाला इतकी पानं?
तीनशे वीस, म्हटलं. हसून सोडलं त्यानं.

तीनशे वीस पानांत बर्फ, बुरूज, सूचिपर्णी जंगलं,
लाकडी खानावळीत फेसाळ पेले उंचावणारे बुटके.
मनामात त्या दिवशी सेहेचाळीस डिग्री.
आमच्यात फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला
एकटा टेकबहादूर. तो म्हणाला,
बर्फात असं कोणी भटकत नाही, ताई.
बर्फात माणूस चूल धरून बसतो.

शेवटी एक प्रकरण होतं, पूर्वेकडच्या देशांचं.
चौदा पानं.
देवळाला चिनी छप्पर, आत हत्तीचं तोंड,
दारात जपानी तलवार घेतलेला पहारेकरी,
आणि सगळ्यांच्या ताटात एकच भात.
रोडेलियोनं पान दिव्यासमोर धरलं,
नोटेतली खूण शोधावी तसं.
नाही सापडला.

मग मी म्हटलं, आपलं जग मीच लिहिते.
गुदैबियाच्या खोलीत रात्रपाळीनंतर लिहिलं:
लंका, सोन्याच्या भिंती, दहा तोंडांचा राजा.
दिलीनीनं वाचलं. वही मिटली.
आमच्याकडे, ती म्हणाली, राजानं तळं किती मोठं बांधलं
ते विचारतात.
मी खोडलं. वहीचा कागद फाटेपर्यंत खोडलं.
रोडेलियो म्हणाला, आमच्या गावाचं जुनं नाव
होडीवरून आलंय. एका होडीतली माणसं, ते एक गाव.
हे लिही.
लिहिलं.

जाफर इतका वेळ भोपळ्याच्या बिया सोलत होता.
त्यानं गाडीची किल्ली उचलली. चला.

गावाचं नाव आली.
मला हसू फुटलं, कोण आली?
कुणाला समजावून सांगू.
रात्रीचे अकरा, कुंभारांच्या भट्ट्या निवत आलेल्या,
आणि दोन घरांच्या मधोमध टेकाड.
त्यापलीकडे गाड्या धुण्याचं दुकान, पुन्हा टेकाड.
आत चार हजार वर्षांपूर्वीचा कोणी
गुडघे पोटाशी घेऊन, उशाला मडकं घेऊन.
एसीचं पाणी त्याच्या अंगावर ठिबकतंय.

आमच्या तेरला याला पांढरी म्हणतात.
काळीत पिकतं, पांढरीत माणूस नांदतो,
आणि माणूस उठून गेला की
पांढरीत मणी उगवतात.
श्रावणात टेकडी धुपायची, आम्ही पोरं वेचायचो.
एक लाल मणी मी म्यूझियमच्या काकांना दाखवला नाही.
तो किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. अजून.

जाफर म्हणाला, इथल्या जुन्या बंदरात
तुमच्या मापाची वजनं निघालीत.
आमच्या नाही, म्हटलं, सिंधूच्या.
माझं तेर त्यानंतर दोन हजार वर्षांनी.
मग नाही चालणार, दिलीनी म्हणाली.
खेळात चालतं, रोडेलियो म्हणाला.
साडेअकरापर्यंत भांडलो.
टेकबहादूरनं तेवढ्यात चहा आणला.

शेवटी जाफरच्या चुलत्याच्या अंगणात,
पालथ्या रांजणाभोवती, सुरुवात झाली.
होडी लागते आहे. होडीत एक गाव.
धक्क्यावर जाफर, वजनं मांडून:
काय आणलंय?
मी जुडग्यातून मणी सोडवला.
नख तुटलं.

वीस बाजूंचा फासा टाकला.
तो रांजणावरून उडाला, मातीच्या भुकटीत गेला.
टेकबहादूर मोबाइलचा उजेड घेऊन ओणवा.
किती?
हात लावू नका, थांबा, फुंकतो.
तीन, ताई.

जाफरनं मणी उचलला, तळव्यावर तोलला,
आणि खेळातल्या आवाजात म्हणाला,
जिन्नस इथे राहील.
माणसं उतरू द्या.